आधी गिऱ्हाईक, मग मशीन

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या गल्ल्यांमधून फिरताना डोळ्यांत भरतात ते एकसारखे टी-शर्ट. छातीवर मंडळाचं नाव, पाठीवर ‘कार्यकर्ता’. त्याच्या आधी दहीहंडीला गोविंदांचे, गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत पथकांचे. मग घराघरांत दिसणारे फोटो छापलेले मग, उशीचे अभ्रे, की-चेन. हे सगळं बघून गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या अनेक बायकांच्या मनात एक विचार डोकावू लागला आहे. बचत गटाच्या बैठकीत मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, “ताई, हे छापायचं मशीन केवढ्याला येतं हो?”

मैत्रिणींनो, प्रश्न वाजवी आहे, पण तो पहिला नाही. हा धंदा थोड्या भांडवलात, दहा बाय बाराच्या खोलीतही उभा राहू शकतो. मात्र त्यात पैसे बुडतात ते मशीन महाग म्हणून नव्हे, तर ते फार लवकर घेतल्यामुळे. आज त्याविषयीच सविस्तर बोलू या. तुम्ही मुंबईत नसाल, एखाद्या तालुक्याच्या गावी असाल, तरी हिशेब तोच आहे.

कापराची गोष्ट

या छपाईला म्हणतात सब्लिमेशन प्रिंटिंग. नाव अवघड वाटतं, पण त्यातली गंमत आपल्याला देवघरात रोज भेटते. डबीतला कापूर उघडा राहिला तर काय होतं? तो वितळून पाणी होत नाही, सरळ उडून जातो. घन पदार्थाचा थेट वायू होणं, यालाच शाळेत आपण संप्लवन म्हणून शिकलो होतो. या छपाईतला रंगही तसाच वागतो. खास शाईने कागदावर चित्र छापायचं, तो कागद कापडावर ठेवायचा आणि वरून गरम प्रेस दाबायचा. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरून बसते. थंड झाल्यावर रंग आतच अडकतो. म्हणून हाताला थर लागत नाही, आणि धुतल्यावर पापुद्रेही निघत नाहीत.

आता यातली मेख लक्षात घ्या. रंग बसतो तो पॉलिएस्टरमध्ये. सुती कापडात तो टिकत नाही, दोन-चार धुण्यांत फिका पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे या शाईत पांढरा रंग नसतो आणि बाकीचे रंग पारदर्शक असतात. त्यामुळे काळ्या किंवा गडद कापडावर काहीच उठत नाही. कापड पांढरं किंवा फिकं हवं आणि ते पॉलिएस्टरचं हवं. मग, टाइल, की-चेन यांच्यावरही खास लेप दिलेला असावा लागतो. स्वयंपाकघरातला साधा मग घेऊन त्यावर छापायला जाल तर हाती काही लागणार नाही.

कापड कोणतं आहे हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि जपून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. आपल्या आज्या-मावश्या साडी घेताना करायच्या तीच ही परीक्षा.

गिरगावच्या गच्चीवरचा धडा

थोडक्या पैशांत धंदा कसा सुरू करावा, हे शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. त्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. तीच ही ‘लिज्जत’. आज तिची उलाढाल हजार कोटींच्या पुढे आहे. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो आणि ‘केवढी मोठी झाली’ असं म्हणून सोडून देतो. मला त्यातल्या लहान गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिला माल कुणाला द्यायचा, तो व्यापारी ओळखीतला होता. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सल्ला दिला की एकच चांगली प्रत ठेवा, तिच्यात तडजोड नको. आणि पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? मोठं यंत्र नाही आणलं. एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. अडचण आली तेवढ्याच मापाचा खर्च केला. आपल्यालाही हेच करायचं आहे.

भांडवलाची चणचण तर आमच्या गिरणगावाने पिढ्यान्पिढ्या पाहिली. गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायका धान्यासाठी सावकाराकडून पैसे उचलत आणि व्याजातच अडकून राहत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेच्या दारात नेलं. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा अनेक घरांतल्या चुली बायकांच्या छोट्या-छोट्या उद्योगांवरच पेटत राहिल्या. त्यामुळे ‘घरबसल्या काहीतरी’ हा आमच्याकडे हौसेचा विषय कधीच नव्हता आणि नाही.

एकदम सगळा सेट नको

दुकानात गेलात की तुम्हाला ‘कम्प्लीट सेट’ दाखवतील. प्रिंटर, शाई, प्रेस, मगाचं मशीन, टोपीचं मशीन, प्लेटचं मशीन, शंभर कोरे मग. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी असाच सेट घेतला, हातातल्या दोन बांगड्या गहाण ठेवून. गणपतीत काम मिळालं. नंतर दोन महिने ऑर्डर नाही. या शाईचा गुण असा की प्रिंटर पडून राहिला तर नळ्यांमध्ये आणि हेडमध्ये ती सुकते. दिवाळीला प्रिंटर काढला तर चित्रावर पांढऱ्या रेघा. हेडची दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवा प्रिंटरच. बांगड्या सोडवायला पुढची दीड वर्षं गेली.

त्याच चाळीतल्या दुसऱ्या एका ताईने वेगळी वाट धरली. तिने फक्त प्रेस घेतला. चित्र तयार करायची, छापील कागद मात्र बाहेरून आणायची. छपाईचा जॉबवर्क करणारे सब्लिमेशनचे कागद छापून देतात. एका कागदामागे थोडे पैसे जास्त जातात खरे, पण ऑर्डर नसेल त्या महिन्यात खर्च शून्य. सलग सहा महिने काम मिळतंय असं वहीत दिसलं, तेव्हा कुठे तिने प्रिंटर घेतला.

प्रेस आधी घेण्याचा आणखी एक फायदा आहे. मंडळाची पोरं हमखास काळ्या सुती टी-शर्टची मागणी करतात. सब्लिमेशनने ते होणार नाही. पण डीटीएफ नावाच्या पद्धतीने छापलेली फिल्म बाजारात मीटरवर करून मिळते, ती सुतीवर आणि गडद रंगावरही चिकटते, आणि तिला लागतो तो हाच प्रेस. म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक सांभाळता येतं.

लहान गावातल्या मैत्रिणींनी जवळच्या शहरातून, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर जे सोयीचं असेल तिथून, कागद कुरिअरने मागवावेत. छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवला की काही दिवस चांगला राहतो.

अंदाजी खर्च असा धरा. पंधरा इंची सपाट प्रेस १२ हजार, मगाचा प्रेस ५ हजार, कोरा माल आणि किरकोळ सामान ४ हजार, वायरिंग आणि जाड पिन २ हजार. झाले २३ हजार. पुढे टाकीवाला प्रिंटर १३ हजार आणि शाई-कागद ३ हजार धरले तर एकूण ३९ हजार. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून निदान तीन ठिकाणी विचारा. साधा प्रिंटर घेऊन त्यात सब्लिमेशनची शाई भरली तर कंपनीची वॉरंटी राहत नाही, हेही आधीच समजून घ्या. आणि मशीन घेताना दुकानातच स्वतःच्या हाताने एक टी-शर्ट, एक मग छापून बघा. त्याला नाही म्हणणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

हात कसा बसवायचा

चित्र कागदावर नेहमी आरशातल्यासारखं उलटं छापायचं, म्हणजे कापडावर ते सुलट येतं. अक्षरं असतील तर हे विसरून चालत नाही. टी-शर्ट आधी पाच-सात सेकंद नुसताच दाबून घ्या, त्यातला ओलावा आणि सुरकुत्या जातात. पावसाळ्यात तर हे हवंच, नाहीतर रंगावर डाग उठतात. दोन थरांच्या मध्ये एक कोरा कागद घाला, नाहीतर पुढचं चित्र मागच्या बाजूला उमटतं. छापील कागद उष्णतेच्या टेपने चिकटवा. प्रेस उचलताना कागद जरासा सरकला तरी चित्राला सावली येते. वरून टेफ्लॉनचा कागद ठेवा.

टी-शर्टसाठी साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअस आणि ४५ ते ६० सेकंद. मगासाठी १८० अंशांच्या आसपास आणि अडीच-तीन मिनिटं. प्रत्येक मशीनचा स्वभाव वेगळा, जसा प्रत्येक तव्याचा असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात जुन्या पॉलिएस्टर कापडाच्या तुकड्यांवर प्रयोग करा आणि जे जमलं ते तापमान, ती वेळ वहीत लिहून ठेवा.

सुरक्षिततेत काटकसर नको. असा प्रेस साधारण दीड हजार वॉट वीज ओढतो. जुन्या चाळींतलं वायरिंग अशा भाराचं नसतं. इस्त्रीच्या पिनला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला तो लावू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून १६ अँपिअरची वेगळी पिन आणि अर्थिंग करून घ्या. खिडकी उघडी ठेवा, कारण वास आणि वाफ येते. लहान मुलं शाळेत असतील ती वेळ कामाची धरा. घरच्या मीटरवर धंदा चालेल का, तेही वीज कार्यालयात विचारून घ्या.

आपल्या वेळेची किंमत

बायकांचा हिशेब नेमका इथे चुकतो. कोरा मग ५० रुपये, कागद-शाई ६, टेप आणि वीज ३, खोका १२. झाले ७१. वीस मगांमागे एक वाया जाणार, त्याचे ४ धरा. झाले ७५. इथेच थांबून आपण म्हणतो, “९० ला देते, १५ सुटतील.” पण फोटो नीट करायला, कागद कापायला, तीन मिनिटं उभं राहून दाबायला जो वेळ गेला, तो काय फुकटचा? मजुरीचे २० आणि मशीनच्या झिजेचे ५ धरले की मग पडतो १०० रुपयांना. म्हणजे ९० ला विकलात तर तुम्ही प्रत्येक मगामागे १० रुपये पदरचे घालताय. घाऊकला ११५-१२०, सुट्याला १६० ते १८०, असा भाव आधीच ठरवून भिंतीवर लावा.

मंडळाचे दादा येतील आणि म्हणतील, “काकू, घरचंच मंडळ आहे, सांभाळून घ्या ना.” सांभाळून घ्यायचं तर वर्गणी म्हणून वेगळे पैसे द्या, भावात मिसळू नका. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कागद छापू नका. नावाचं स्पेलिंग, तारीख, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यांचा ‘ठीक आहे’ असा लेखी निरोप घ्या. एकदा धाग्यात बसलेला रंग पुसता येत नाही, आणि ‘श्री’चा ‘श्रि’ झाला तर पन्नास टी-शर्ट आपल्याच अंगावर.

दुसऱ्याच्या मालकीची चित्रं छापू नका. कार्टूनची पात्रं, क्रिकेट संघांची बोधचिन्हं, कुठल्यातरी फोटोग्राफरने काढलेला बाप्पाचा फोटो, हे गिऱ्हाइकाने आणून दिलं तरी छापणारी म्हणून तुमच्यावर येऊ शकतं.

गणपतीपलीकडचं वर्ष

मुंबईत टी-शर्टची मोठी कामं सणांत येतात, आणि तेव्हा मोठे कारखानदारही उतरतात. त्यांच्याशी पाचशे नगांच्या कामात आपण पुरे पडणार नाही. आपली जागा पाच-पंचवीस नगांची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटे छापील टी-कोस्टर, वाढदिवसाचा एकच मग, बारशाला बाळाच्या नावाची उशी, निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी वर्गाचा फोटो. हे काम मोठा कारखानदार घेत नाही.

लहान गावात तर अशा जागा आणखी आहेत. शाळेचं स्नेहसंमेलन, हाफ पिच क्रिकेटच्या स्पर्धा, ग्रामदैवताची जत्रा, लग्नसराई, पतसंस्थेच्या दिवाळी भेटी. एका वहीत बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे ओळखीतली दोन नावं लिहा, जी तुम्हाला ऑर्डर देऊ शकतील. चोवीस नावं झाली तर प्रेस घ्या. दहाच झाली तर आधी दोन महिने दुसऱ्याकडून छापून घेऊन विका. मशीन कुठे पळून जात नाही.

पैसे आणि कागदपत्रं

सोनं गहाण टाकण्याआधी बचत गटातलं अंतर्गत कर्ज बघा. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून सुरू आहे, तिच्या ‘शिशु’ प्रकारात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. बँकेत जाताना तीन दुकानांची कोटेशनं आणि वर सांगितलेली वही सोबत न्या. साहेबांना तोंडी बोलण्यापेक्षा ती वही जास्त पटते. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ग्रामीण भागात उमेद अभियानाचे कार्यकर्ते प्रशिक्षण आणि बँकेच्या कामात वाट दाखवतात.

उद्यम नोंदणी २०२० पासून आहे. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे, सरकार नव्हे. आपल्या राज्यात मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गिऱ्हाइकाच्या कापडावर नुसती छपाई करून देत असाल तर ती सेवा धरली जाते आणि मर्यादा २० लाख आहे. परराज्यात किंवा ऑनलाइन पोर्टलवर विकायचं असेल तर नियम वेगळे, तेव्हा जवळच्या कर सल्लागाराला आधी विचारा.

शेवटी एकच सांगणं. येत्या रविवारी दुकानात जाऊ नका. वही घेऊन बसा, बारा महिने आणि चोवीस नावं लिहा, त्यांतल्या पाच जणींना फोन करा आणि विचारा, “मी असं काही करून दिलं तर घेशील का, आणि कितीला?” त्या पाच उत्तरांतून तुम्हाला जे कळेल, ते दुकानातला कुठलाही माणूस सांगणार नाही. मग मशीन केवढ्याला येतं, ते जरूर विचारा.